सुपरकॉम्प्युटरवर स्पॅक: आठ महिने वापरल्यावर

मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या खोलीवर बसून परगावच्या सुपरकॉम्प्युटरवर क्वांटम एस्प्रेसो (पदार्थातल्या इलेक्ट्रॉनांचं गणित करणारं सॉफ्टवेअर) चालवतो. विषय पदार्थविज्ञान, सॉफ्टवेअर बसवणं हे गळ्यात पडलेलं काम. तिथं सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) मिळत नाही, मॉड्यूलच्या यादीत, म्हणजे तिथं आधीच बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, जुनीच आवृत्ती. म्हणून स्पॅक घेतलं. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत २०१३ साली सुरू झालेला हा पॅकेज मॅनेजर, म्हणजे सॉफ्टवेअर त्याला लागणाऱ्या लायब्ररींसकट बसवून देणारं साधन. होममध्ये (आपल्या फोल्डरमध्ये) गिट क्लोन केला, म्हणजे त्याची प्रत उतरवली, की सुरू, कुणाच्या पाया पडायला नको.

पहिल्या रात्री मात्र घाम फुटला. एका पॅकेजसाठी गड्यानं पर्ल, सीमेक, ओपनएसएसएल सगळं मुळापासून बांधायला काढलं. भात खायचाय म्हणून आधी शेत नांगरायचं, तसला प्रकार. त्यात पावसानं लाईट गेली, एसएसएच (सुपरकॉम्प्युटरशी असलेलं कनेक्शन) तुटलं आणि बिल्ड बोंबललं. तेव्हापासून टीमक्सशिवाय (कनेक्शन तुटलं तरी काम चालू ठेवणारं साधन) हात लावत नाही. आणि आधी ‘स्पॅक एक्स्टर्नल फाइंड’ चालवतो, म्हणजे मशीनवर जे आहे ते तो वापरतो.

खरा फटका एमपीआयचा (अनेक प्रोसेसना एकमेकींशी बोलू देणारी लायब्ररी). स्पॅकनं स्वतःची ओपन एमपीआय बांधली, तिला स्लर्मचा (क्लस्टरवर कामं वाटणाऱ्या सॉफ्टवेअरचा) पत्ताच नव्हता. स्लर्मच्या एसरन कमांडनं ४८ प्रोसेस सोडल्या. आउटपुट उघडलं तर ‘१ प्रोसेसरवर चालू’ ही ओळ पुन्हा पुन्हा! प्रत्येक प्रोसेस स्वतःला एकटीच समजून तेच गणित करत होती, वर सगळ्या एकाच फोल्डरमध्ये लिहीत होत्या. चूक कळेपर्यंत दोन दिवसांचे कोअर-तास पाण्यात. सर एवढंच म्हणाले, “अरे, पहिली ओळ तरी वाचायचीस.” आता स्पॅकच्या ‘पॅकेजेस’ या यामल (सेटिंगच्या) फाइलमध्ये सिस्टीमच्या एमपीआयचा पत्ता देतो आणि खाली ‘बिल्डेबल: फॉल्स’, म्हणजे स्वतः बांधू नको. या एका ओळीनं पुढचं सगळं सुरळीत झालं.

दुसरी खोच: लॉगिन नोडचा (जिथं आपण शिरतो) प्रोसेसर नवा, कंप्यूट नोडचा (जिथं गणित चालतं) जुना. लॉगिनवर बांधलेलं तिकडं ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून पडतं. टार्गेट, म्हणजे कुठल्या प्रोसेसरसाठी बांधायचं ते, हातानं लिहायचं.

एवढं सोसूनही सोडलं का नाही? कारण दोन आवृत्त्या शेजारी शेजारी सुखानं नांदतात. कंपायलर, पर्याय, खालच्या लायब्ररी यांतलं काहीही बदललं की हॅश (ओळखीचा कोड) वेगळा, फोल्डर वेगळं. कोंडा या दुसऱ्या पॅकेज मॅनेजरमध्ये मी एक अपडेट करताना दुसरं मोडून बसलो होतो; इथं तसं अजून झालेलं नाही. लॅबमधल्या ज्युनिअरला माझी लॉक फाइल (बसवलेल्या सगळ्याची नेमकी यादी) दिली, तिनं त्याच क्लस्टरवर संध्याकाळपर्यंत तेच सगळं उभं केलं. मला पहिल्यांदा आठवडा लागला होता.

तक्रारी आहेतच. कॉन्क्रिटायझर (कुठल्या आवृत्त्या एकत्र जुळतात ते ठरवणारा स्पॅकचा भाग) अडला की जी एरर देतो ती वाचून डोकं धरायची वेळ येते. आणि फाइलींचा ढीग! होमचा कोटा जागेआधी फाइलींच्या संख्येनं भरला. आता इन्स्टॉलचं झाड स्क्रॅच या तात्पुरत्या जागेऐवजी प्रोजेक्टच्या जागेत ठेवलंय, कारण स्क्रॅच तिथं ठरावीक दिवसांनी पुसतात. महिन्यातून एकदा ‘स्पॅक जीसी’ मारतो, म्हणजे आता नको असलेली पॅकेजेस निघून जातात. इन्स्टॉलच्या आधी ‘स्पॅक स्पेक’ची, म्हणजे काय काय बसणार याची, अख्खी यादी चहा पीत वाचतो. त्यात एमपीआयपुढे ‘ई’ (एक्स्टर्नल, म्हणजे सिस्टीमचंच) दिसला, तरच एंटर.