ससा छापलेली डबी आणि गिरणीचा पत्ता

गेल्या संक्रांतीला बेळगावच्या शहापूर, वडगाव, अनगोळ या भागांत ज्या क्रीमच्या डब्या फिरल्या, त्याच आता वेगळं लेबल लावून खानापूर आणि निपाणीकडं निघाल्यात, असं माझ्या गिऱ्हाइकांकडून कळलं. म्हणून हे लिहून काढते. विकणाऱ्या बाईचं आणि मालाचं नाव घालत नाही. एक तर तक्रार चालू आहे, आणि मालाचं नाव तिनं बदललंच आहे.

मी शहापुरात ब्लाऊज शिवते. शिलाईच्या दुकानात मापं देणाऱ्या बायका दोन, बसून बोलणाऱ्या पाच. अशा ठिकाणी माल खपवायचा तर वेगळी जाहिरात लागत नाही, हे तिनं बरोबर ओळखलं होतं. आधी ब्लाऊजपीस घेऊन आली, मग हळदीकुंकवाला आली, आणि तिथं तिनं वाण म्हणून साबणाच्या वड्या लुटल्या. कागदात गुंडाळलेल्या, वर सुतळी, सुतळीत कडुनिंबाचं पान. "कॉस्टिक सोडा न घालता केलेला साबण" असं वर छापलेलं. तेल आणि कॉस्टिक यांच्या क्रियेतूनच साबणाची वडी होते. ती झाली की कॉस्टिक उरत नाही, पण ते न घालता वडी होतच नाही. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मात्र सगळ्याजणी वासावरच खूश.

आणि तिची मराठी! कोल्हापूरकडची, स्वच्छ, गोड. बेळगावात राहणाऱ्यालाच यातलं मर्म कळेल. रेशनकार्ड कन्नडमध्ये, वीजबिल कन्नडमध्ये, बसची पाटी कन्नडमध्ये. आणि एक बाई समोर येते, तिच्या डबीवर मोठ्या अक्षरांत मराठी. "आपल्या बायकांनी आपल्या बायकांसाठी केलेलं," असं ती म्हणायची. लेबल बघून आम्हाला जो उमाळा आला, त्याचेच तिनं पैसे केले.

तिचं मुख्य हत्यार म्हणजे मोबाइलमधला व्हिडिओ. सशांच्या माना चौकटीत अडकवलेल्या आणि डोळ्यांत थेंब टाकलेले. बघवत नाही. अशा चाचण्या खरोखर व्हायच्या, त्यात खोटं नाही. तिनं सांगितलं नाही ते एवढंच, की सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला भारतात २०१४ सालीच बंदी आली, आणि त्याच वर्षी तशी चाचणी केलेला माल बाहेरून आणायलाही. जे बंधन सगळ्यांवरच आहे, ते पाळण्याचा मोठेपणा तिनं साडेचारशे रुपयांना विकला.

डबीवर उडी मारणारा ससाही होता. प्राण्यांवर चाचणी न केलेल्या मालासाठी तसं एक खरं चिन्ह आहे, लीपिंग बनी म्हणतात. ते क्रुएल्टी फ्री इंटरनॅशनल ही संस्था देते, आणि देण्याआधी कच्चा माल पुरवणाऱ्यांपर्यंत चौकशी करते. कुठल्या कंपन्यांना ते मिळालंय त्याची यादी इंटरनेटवर कुणालाही बघता येते. प्राण्यांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या पेटा संस्थेचीही अशीच वेगळी यादी आहे. आमच्या डबीचं नाव यातल्या कुठल्याच यादीत नव्हतं. तिचा ससा लग्नपत्रिका छापणाऱ्याकडचा असावा. जरा लठ्ठच होता.

क्रीम माझ्या थोरल्या जावेनं घेतली. चंदन, केशर, बदाम, कोरफड. कर्नाटकात राहून आम्हाला चंदनाची किंमत ठाऊक नाही असं नाही. खऱ्या चंदनाच्या तेलाचा भाव किलोला लाखाच्या वर जातो. पण वास चंदनाचा आला की हिशोब कोण करतं? थोड्याच दिवसांत जावेच्या चेहऱ्यावरचे वांगाचे डाग फिके झाले, कातडी काचेसारखी गुळगुळीत. गल्लीत ज्या त्या बाईचा एकच प्रश्न, "आक्का, काय लावून लागलीस गं तोंडाला? उजळलीस की!" तिच्या तोंडाकडं बघूनच पुढच्या डब्या खपल्या.

मग डबी संपली आणि बाई गावाला गेलेली. दोन-तीन दिवसांत जावेचं तोंड लालबुंद झालं. चुलीसमोर उभं राहवेना, उन्हात पदर घेतल्याशिवाय जाता येईना. गालांवर पुरळ उठला, हनुवटीवर बारीक लव दिसायला लागली. बाई परत आली, तिनं नवी डबी दिली, आणि एका रात्रीत आग शांत. जाऊ म्हणाली, "बघ, ही लावली की बरं वाटतं. नाही लावली तर माझी कातडीच वाईट."

खरी मेख इथंच होती. त्वचेच्या डॉक्टरांनी नुसता चेहरा बघून विचारलं, कुठली गोरं करायची क्रीम लावता? त्यांच्या मते त्यात स्टेरॉइड होतं. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन अशी या स्टेरॉइडांची नावं. ती वाईट औषधं नाहीत. इसब, सोरायसिस अशा आजारांत डॉक्टर ठरावीक दिवसांसाठी देतात. पण चेहऱ्याला रोज चोळली की कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरमं येतात, लव वाढते. आणि एकदम बंद केलं की दाबून ठेवलेला दाह दुप्पट उसळतो. त्रास क्रीमनं होतो, पण दिसतो क्रीम थांबवल्यावर. त्यामुळं गिऱ्हाईक स्वतःच्या नशिबाला दोष देतं आणि पुढची डबी मागायला जातं. असा प्रकार देशभर इतका वाढला की २०१८ मध्ये सरकारनं स्टेरॉइडची बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. दुकानात चिठ्ठी लागते म्हटल्यावर ती कोरफडीच्या नावानं घरात येतात.

डॉक्टरांनी लघवीचीही तपासणी करायला लावली. तोंडाला क्रीम लावली तर लघवी कशाला, असं आम्हाला वाटलं. त्यांनी केरळातल्या मलप्पुरमचं उदाहरण दिलं. २०२३ मध्ये तिथं गोरं करणाऱ्या क्रीम वापरणाऱ्या लोकांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचं आढळलं. अशा काही क्रीममध्ये पारा असतो, तो कातडीतून आत जातो. केरळ सरकारनं त्यावर 'ऑपरेशन सौंदर्य' नावाची मोहीमच काढली. आमच्या जावेची तपासणी ठीक आली, देवाची कृपा. चेहऱ्याला मात्र अजून औषध चालू आहे. स्टेरॉइड सोडवताना तोंड पेटतं ते सोसावंच लागतं, आणि तो काळ तिनं काढला. त्या दिवसांत तिच्या भाचीचं लग्न होतं, ती गेली नाही. हे मी त्या बाईला कधीच विसरू देणार नाही.

दुसरी वस्तू म्हणजे "शंभर टक्के नैसर्गिक काळी मेहंदी". हिच्याबद्दल कमी लिहिते, पण धोका हिच्यातच जास्त. आमच्या गल्लीतल्या एका मावशींनी ती डोक्याला लावली, आणि सकाळी त्यांचे डोळे उघडेनात, पापण्या इतक्या सुजलेल्या. खरी मेहंदी केसांना तांबूस-नारिंगी रंग देते आणि तोही दुसऱ्या दिवशी गडद होतो. काळा हवा असेल तर मेहंदीनंतर निळीच्या पाल्याची पूड वेगळी लावावी लागते, तास-दोन तास जातात. अर्ध्या तासात केस कोळशासारखे काळे झाले तर समजायचं की मेहंदीत पीपीडी हा रासायनिक रंग आहे. हा रंग नामवंत हेअरडायमध्येही असतो, पण तिथं तो वेष्टनावर लिहिलेला असतो आणि आधी कानामागं लावून बघा अशी सूचना असते. मावशींना पूर्वी डायची ॲलर्जी झाली होती, म्हणून तर त्यांनी "नैसर्गिक" घेतली होती.

यानंतर माझी पुतणी आली, ती बी. फार्म. शिकते. तिनं डबी हातात घेतली आणि वास न घेता आधी उलटी केली. बुडाला त्रिकोण, त्रिकोणात पाचचा आकडा. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, साधं प्लॅस्टिक. वर लिहिलेलं, "मातीत विरघळणारी डबी". मग तिनं विचारलं, "काकी, यात लायसन्स नंबर कुठाय?" २०२०च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणं डबीवर उत्पादकाचं नाव आणि पूर्ण पत्ता, बॅच नंबर, उत्पादनाच्या परवान्याचा नंबर, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख आणि घटकांची यादी लागते. आमच्या डबीवर परवान्याच्या जागी उद्यम नोंदणीचा नंबर होता. उद्यम म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, ती आधार कार्डावर घरबसल्या फुकट होते. उद्या मी माझ्या शिलाई मशीनची करीन. तिचा क्रीम करण्याच्या परवान्याशी काही संबंध नाही. घटकांच्या यादीत फक्त "दुर्मीळ वनौषधी".

आणि "प्रिझर्व्हेटिव्ह नाही, दोन वर्षं टिकेल". पुतणी हसायला लागली. कोरफड आणि गुलाबपाणी असलेली, टिकवणारं द्रव्य न घातलेली क्रीम बेळगावच्या पावसाळ्यात फळीवर ठेवून बघा म्हणाली. आमच्याकडं जुलैत चामड्याच्या चपलेला बुरशी येते. तिच्या डबीला आली नव्हती.

आता पैशांचं. नुसत्या डब्यांवर भागलं असतं तर गोष्ट वेगळी होती. तिनं बायकांना "प्रतिनिधी" केलं. साडेपाच हजारांचा किट घ्यायचा, आणखी बायका जोडायच्या, त्यांच्या किटमधून आपल्याला वाटा. बचत गटातून कर्ज काढून काहींनी किट घेतले. अशा साखळीला २०२१च्या थेट विक्रीच्या नियमांत साफ मनाई आहे, आणि पैशांची साखळी फिरवणाऱ्या योजनांवर बंदीचा कायदा तर १९७८ पासून आहे. माल परत घ्या म्हटल्यावर "उघडलेला माल चालत नाही" आणि न उघडलेला नेऊन दिल्यावर फोन बंद.

डबीवरचा पत्ता कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावचा. माझा भाचा मोटारसायकलवरून गेला. त्या पत्त्यावर पिठाची गिरणी. गिरणीवाले म्हणाले, "तुम्ही पण क्रीमवालेच काय? बसा, चहा घ्या." म्हणजे आमच्याआधीही कोणी जाऊन आलं होतं.

मग सुरू झाली सीमाभागाची खास कसरत. इकडच्या एका पोलीस ठाण्यात सांगितलं, बाई महाराष्ट्रातली, तिकडं जा. तिकडं सांगितलं, व्यवहार बेळगावात झाला, इकडं जा. आमच्या भागात ठग्यांना ही सोय फार मोठी आहे. घाट उतरला की राज्य बदलतं. पण कायदा तसा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते. ते नोंदवून योग्य ठाण्याकडं पाठवतात. झिरो एफआयआर म्हणतात तो हा. हे कलम १७३ पुतणीनं कागदावर लिहून दिलं. तो कागद टेबलावर ठेवला तेव्हा कुठं अर्ज घेतला गेला.

ग्राहक आयोगाचं त्याहून सोपं. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात विकणारा कुठंही असो, गिऱ्हाईक जिथं राहतं त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. म्हणजे बेळगावातच. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. आधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद केली. तिथं मराठीत बोलता येतं. भेसळीच्या क्रीमची तक्रार राज्याच्या औषध नियंत्रण विभागाकडं वेगळी करायची, कारण डबीतला माल तपासायचा अधिकार त्यांच्या निरीक्षकाचा.

उपयोगी पडली ती एकच गोष्ट. बायकांनी पैसे फोनवरून भरले होते, आणि ते तिच्या नवऱ्याच्या खात्यात गेले होते. खात्याचं नाव लेबलासारखं बदलता आलं नाही. ज्यांनी रोख दिले त्यांच्याकडं पावती नाही. त्यांच्यातल्या काहीजणी अजून तक्रारीवर सही करायला तयार नाहीत, घरच्यांना कळेल म्हणून. नोटीस गेल्यावर तिनं दोघींचे पैसे गुपचूप परत पाठवले आणि बाकीच्यांना कळवलं की भांडणारीला पैसे मिळणार नाहीत. आमच्यात फूट पाडायचा तो डाव. त्या दोघींनी निरोपाचे मेसेज जपून ठेवलेत.

मी स्वतः शिकेकाई-रिठ्यावर आले आहे, पण शेंगाच आणते, पूड नाही. रविवार पेठेत अख्ख्या मिळतात, घरी कुटते. डोळ्यात गेलं तर रिठा आग करतो, एवढं सांभाळायचं.

खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या ज्या बायकांनी संक्रांतीनंतर अशी डबी घेतली असेल, त्यांनी ती रागानं कचऱ्यात टाकू नये. लेबल न सोलता, उरलेल्या क्रीमसकट झाकण लावून ठेवा, बुडाचा आणि लेबलाचा फोटो काढा, पैसे भरल्याचा मेसेज पुसू नका. तोंडाला लावत असाल तर एकदम बंद करण्याआधी डॉक्टरांना दाखवा, आणि जाताना डबी सोबत न्या.