डिस्क निम्मी रिकामी, तरी 'नो स्पेस लेफ्ट': पोस्टग्रेससोबतचे आठ महिने

आठ महिन्यांपूर्वी आमचा पोस्टग्रेस डेटाबेस जुन्या मशीनवरून डॉकर कंटेनरमध्ये (प्रोग्रॅम वेगळा ठेवून चालवायचा बंदिस्त डबा) हलवला. डेटाबेसबद्दल तक्रार नाही, वेग आणि भरवसा दोन्ही आहेत. शेअर्ड मेमरीने (अनेक प्रोसेस मिळून वापरतात ती मेमरी) मात्र तीनदा घाम काढला आणि दरवेळी मी एररमधल्या शब्दांवर विसंबून भलतीकडेच खणत बसलो.

पहिला दणका दुसऱ्याच आठवड्यात. महिन्याचा रिपोर्ट काढणारी मोठी क्वेरी मध्येच कोसळायची: 'कुड नॉट रिसाइझ शेअर्ड मेमरी सेगमेंट', आणि शेवटी 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. डिस्क पाहिली तर निम्मी रिकामी. तरी जुने लॉग उडवले, बॅकअप हलवले. अख्खी संध्याकाळ झाडलोटीत गेली. मग शोधाशोध करून कर्नलचा एसएचएममॅक्स (शेअर्ड मेमरीच्या एका तुकड्याची कमाल मर्यादा) फुगवला. ढिम्म फरक नाही. तो सल्ला जुन्या काळचा निघाला: २०१३ च्या ९.३ आवृत्तीपासून पोस्टग्रेस आपली मुख्य शेअर्ड मेमरी एममॅप या वेगळ्या पद्धतीने घेतो, त्या मर्यादेशी तिचा फारसा संबंध उरलेला नाही.

शेवटी कंटेनरच्या आत शिरून 'डीएफ' (मोकळी जागा दाखवणारी कमांड) चालवलं. एक बारकी ओळ: डेव्ह-एसएचएम, म्हणजे शेअर्ड मेमरीची जागा, ६४ एमबी. एररमधलं 'डिव्हाइस' हेच. डॉकर मुळात एवढीच देतो. क्वेरी समांतर चालली की पोस्टग्रेसचे वर्कर याच जागेतून देवाणघेवाण करतात, आणि आवृत्ती ११ पासून पॅरलल हॅश जॉइनचं (दोन टेबलं समांतर जोडायची पद्धत) टेबलही इथेच उभं राहतं. लहान क्वेरींना एवढी जागा पुरत होती, म्हणून इतके दिवस काही कळलं नाही. मॅक्स-पॅरलल-वर्कर्स-पर-गॅदर (समांतर वर्करची मर्यादा) शून्यावर आणल्यावर रिपोर्ट रडतखडत का होईना, निघाला. पुढे एसएचएम-साइझ १ जीबी देऊन कंटेनर नव्याने बनवला. नुसत्या रीस्टार्टने हे होत नाही, तेही एकदा करून पाहिलंच.

चौथ्या महिन्यात रात्रीचा पीजी-डंप (बॅकअप काढणारा प्रोग्रॅम) पडला: 'आउट ऑफ शेअर्ड मेमरी'. रॅम मोकळी होती, तरी मी शेअर्ड-बफर्स (पोस्टग्रेसची कॅश) वाढवले! खालची 'हिंट' वाचायचे कष्ट घेतले असते तर तिथेच लिहिलं होतं: मॅक्स-लॉक्स-पर-ट्रान्झॅक्शन वाढवा. संपली होती ती लॉकच्या (टेबल वापरात असल्याची खूण) नोंदींची जागा. मुळातला हिशेब दर ट्रान्झॅक्शनला ६४ गुणिले १०० कनेक्शन्स, म्हणजे साधारण ६,४०० लॉक. डंप प्रत्येक टेबलावर लॉक धरतो आणि पार्टिशन (मोठ्या टेबलाचे तुकडे) धरून आमची टेबलं नऊ हजारांवर गेली होती. ६४ चं २५६ केलं, विषय मिटला.

तिसऱ्या वेळची चूक सर्वस्वी माझी. ह्यूज पेजेस (मेमरीची मोठी पानं) 'ट्राय'वर होती तोवर, पेजेस मिळाली नाहीत तरी पोस्टग्रेस गुपचूप साध्या पेजेसवर चालत होता. मी हौसेने 'ऑन' केलं आणि तो उठेचना: 'कॅनॉट अलोकेट मेमरी'. किती पेजेस राखून ठेवायची हा आकडा आवृत्ती १५ पासून पोस्टग्रेस स्वतःच सांगतो, सर्व्हर बंद ठेवून 'पोस्टग्रेस -सी' ने शेअर्ड-मेमरी-साइझ-इन-ह्यूज-पेजेस विचारायचं. तो आकडा, वर थोडी सूट, आणि गाडी रुळावर.

एक गोष्ट अजून खटकते. लॉकची मर्यादा बदलायला सर्व्हर रीस्टार्टच करावा लागतो. पार्टिशन पुन्हा वाढू लागलीत, त्यामुळे पुढचं रात्री दोनचं जागरण ठरलेलंच आहे.