एमडीएडीएम: रेडसाठी एक नंबर, फक्त स्पेअर डिस्क कुठे लावायची ते आधी ठरवा

लिनक्सवर डिस्कचा अ‍ॅरे लावायचा असेल, म्हणजे काही डिस्क एकत्र जोडून एखादी गेली तरी डेटा वाचेल अशी सोय (हिलाच रेड म्हणतात) करायची असेल, तर मी डोळे झाकून एमडीएडीएम हे लिनक्सचं टूल सुचवतो. फुकट आहे म्हणून नाही हां. रेडसाठी वेगळं हार्डवेअर कार्ड घेतलं आणि ते जळलं की तसलंच कार्ड शोधत सगळा लॅमिंग्टन रोड पालथा घालायचा, डिस्क धडधाकट असून डेटा मात्र अडकलेला, ही भानगडच इथे नाही. मदरबोर्ड उडाला तरी डिस्क काढून दुसऱ्या लिनक्स मशीनला लावा, असेंबल कमांड द्या, अ‍ॅरे परत उभा, कारण कुठली डिस्क कुठल्या अ‍ॅरेची आणि कितव्या नंबरची हे त्या डिस्कवरच सुपरब्लॉकमध्ये लिहिलेलं असतं. नील ब्राउन यांनी २००१ मध्ये हे टूल आणलं आणि आज सिनॉलॉजी कंपनीच्या नॅस डब्यातसुद्धा (नेटवर्कवरून फायली ठेवायचा डबा) खाली लिनक्सचं हेच एमडी रेड, म्हणजे एमडीएडीएम जे हाताळतं ते, चालतं.

आता मेन गोष्ट, स्पेअर. चार डिस्क आणल्या की बरेच जण तीन डिस्कचं रेड ५ (एक डिस्क गेली तरी डेटा राहतो अशी रचना) करतात आणि चौथी हॉट स्पेअर, म्हणजे जोडून ठेवलेली राखीव डिस्क, ठेवतात. मला हे अजिबात पटत नाही. ४ टीबीच्या चार डिस्क धरा, रेड ५ अधिक स्पेअर केलं तर जागा मिळते ८ टीबी आणि त्याच चार डिस्कचं रेड ६ केलं तरी जागा ८ टीबीच, पण रेड ६ मध्ये कुठल्याही दोन डिस्क एकदम गेल्या तरी डेटा शाबूत राहतो. रेड ५ मध्ये एक डिस्क गेली की स्पेअर लगेच कामाला लागते हे खरं, पण ती भरेपर्यंत उरलेल्या दोन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात, सेकंदाला १५० एमबीचा वेग धरला तरी सात-साडेसात तास, वर ऑफिसचं काम चालू असेल तर त्याहून जास्त, आणि तेवढ्यात दुसरी गेली की खेळ खलास. रेड ६ ला लिहिण्याचा वेग थोडा कमी मिळतो, फोटो नाहीतर ऑफिसच्या फायली ठेवायला काही फरक पडत नाही.

मग स्पेअर कुठे लावायची? एकाच मशीनमध्ये दोन-तीन अ‍ॅरे असतील तिथे. इथे एमडीएडीएमचं जे फीचर आहे ते फार कमी लोक वापरतात, स्पेअर-ग्रुप. कॉन्फिग फाइलमध्ये दोन्ही अ‍ॅरेंना एकच ग्रुपचं नाव द्यायचं, स्पेअर डिस्क कुठल्याही एका अ‍ॅरेला जोडायची, आणि दुसऱ्या अ‍ॅरेतली डिस्क गेली की एमडीएडीएमचा मॉनिटर (मागे चालू राहून डिस्कवर नजर ठेवणारा भाग) स्वतःहून ती स्पेअर इकडून काढून तिकडे लावतो. दोन अ‍ॅरे, राखीव डिस्क एकच. अट एवढीच की मॉनिटर चालू पाहिजे आणि स्पेअरची साइज दोन्हीकडे पुरेशी पाहिजे.

दुसरं जबरदस्त फीचर रिप्लेस. स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीत, खराब सेक्टर वाढताना दिसायला लागले पण डिस्क अजून चालू आहे, अशा वेळी तिला फेल करून बाहेर काढू नका, रिप्लेस द्या, मग जुनी डिस्क अ‍ॅरेत असतानाच तिच्यावरचा डेटा स्पेअरवर उतरतो आणि पूर्ण झाल्यावरच जुनी बाजूला होते, म्हणजे मधल्या वेळात अ‍ॅरे उघडा पडत नाही. कार्डवाल्यांनी यासाठी वेगळे पैसे मागितले असते तरी मी दिले असते.

लावून झाल्यावर डेटा टाकायच्या आधी एक डिस्क मुद्दाम फेल करून बघाच. एमडीस्टॅट (अ‍ॅरेची सध्याची स्थिती दाखवणारी फाइल) उघडलं की त्या डिस्कच्या नावापुढे कंसात एफ येतो, चालू डिस्कसाठी ओळीने उभ्या असलेल्या यू पैकी एकाच्या जागी खालची रेघ येते, स्पेअरपुढचा कंसातला एस जातो आणि खाली रिकव्हरीचा टक्का सरकायला लागतो. हे एकदा डोळ्यांनी बघितलेलं असलं की खरी डिस्क जाते तेव्हा हात थरथरत नाहीत. आणि हो, नवीन रेड ५ बनवल्या बनवल्या पण अशीच रिकव्हरी दिसते, घाबरू नका, एमडीएडीएम मुद्दामच शेवटची डिस्क स्पेअरसारखी धरून भरून काढतं कारण तसं काम लवकर होतं.

अर्धा स्टार मी कापतोय तो सेटअपसाठी. अ‍ॅरे बनवला म्हणजे झालं असं वाटतं पण कॉन्फिग फाइलमध्ये त्याची ओळ टाकून डेबियन-उबंटूवर इनिटरॅमएफएस (बूट होताना सुरुवातीला लोड होणारी फाइल) अपडेट केलं नाही तर रीबूटनंतर अ‍ॅरेचं नाव एमडी० चं एमडी१२७ होऊन बसतं आणि नवीन माणूस पार गोंधळतो, हे टूलने स्वतःच सांगायला पाहिजे होतं. डिस्क गेल्याचं कळवणाऱ्या मेलचंही तसंच, पत्ता टाकून मॉनिटरचा टेस्ट मेल खरंच येतो का ते बघा, कारण मेल नाही आला तर स्पेअर गुपचूप वापरली जाते आणि तुम्हाला पत्ताच नसतो की आता राखीव काहीच उरलं नाही.

डिस्क घेताना दुकानदाराला सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवता लिहिणारी) आहे का हे स्पष्ट विचारा, मॉडेल नंबर कंपनीच्या शीटवर तपासा. २०२० मध्ये डब्ल्यूडीच्या (वेस्टर्न डिजिटल) नॅससाठी विकल्या जाणाऱ्या ‘रेड’ (इथे रेड म्हणजे लाल, सिरीजचं नाव) सिरीजमधल्या काही डिस्कसुद्धा एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) निघाल्या होत्या, आणि एसएमआर डिस्क रीबिल्डला, म्हणजे गेलेल्या डिस्कच्या जागी नवीन भरताना, रडवते. सगळ्या एकाच लॉटच्या घेऊ नका, आणि पार्टिशन करताना शेवटी शंभरेक एमबी जागा सोडा, कारण वेगवेगळ्या कंपन्यांची ४ टीबी सेक्टर मोजून सारखीच असेल असं नाही, आणि स्पेअर थोडीशी जरी लहान निघाली तरी एमडीएडीएम ती घेत नाही.