स्पीड गन भाड्याने घेतली, त्याचा अनुभव

बीईच्या प्रोजेक्टला पुण्यातल्या एका सर्व्हे इक्विपमेंटवाल्याकडून रडार गन दोन दिवसांसाठी आणली, नवले पुलाच्या उतारावर गाड्या किती स्पीडने येतात ते मोजायचं होतं. गन भारीये, हलकी, ट्रिगर दाबला की लगेच आकडा. पण देताना त्या काकांनी एक गोष्ट सांगितलीच नाही, की रस्त्याला तिरकं उभं राहिलं तर स्पीड कमी दिसतो. 20 अंशाचा कोन झाला तर 80 ची गाडी 75 दाखवते! पहिला अख्खा दिवस पाण्यात गेला राव, आम्हाला 85 पर्सेंटाइल स्पीड काढायचा होता म्हणजे 100 पैकी 85 गाड्या ज्याच्या आत असतात तो, आणि रीडिंगच सगळी कमी.

दुसऱ्या दिवशी मित्राच्या गाडीत बसून काचेतून घेतली, कारण गन दिसली की ट्रकवाले पण ब्रेक मारतात, पोलीस समजून. बॅटरी मात्र दुपारीच ढपली, स्पेअर दिली नव्हती, डिपॉझिट पण चार फोन केल्यावर मिळालं. मशीनला 4 स्टार, दुकानाला 2. घेणार असाल तर कॅलिब्रेशन सर्टिफिकेटची (गन बरोबर मोजते हे तपासल्याचा कागद) तारीख आधी बघा, आमचे सर पहिलं तेच विचारतात.