अभ्यासिकेतील रविवारची भौतिकशास्त्राची उजळणी

माझी मुलगी यंदा बारावीची परीक्षा देत असून, पुण्यात आमच्या घराजवळच्या अभ्यासिकेत दर रविवारी मुले एकमेकांची जी उजळणी घेतात, ती मी दोनदा शेजारी बसून पाहिली. तेथे शिक्षक नसतात. ज्याला जो भाग समजला आहे त्याने तो फळ्यावर मांडायचा आणि इतरांनी शंका विचारायच्या, एवढाच नियम आहे.

विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या, म्हणजे बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वीज निर्माण होण्याच्या, धड्याच्या दिवशी एका मुलाने तांब्याची हातभर नळी उभी धरून तीतून आधी लोखंडी खिळा आणि मग निओडिमियमचा चुंबक सोडला. खिळा क्षणात खाली पडला, चुंबक मात्र रेंगाळत उतरला, कारण बदलत्या फ्लक्समुळे (नळीतून जाणाऱ्या चुंबकीय क्षेत्राच्या बदलत्या प्रमाणामुळे) नळीत निर्माण झालेल्या भोवरी धारा, म्हणजे धातूत गोल फिरणारे विद्युतप्रवाह, त्याच्या पडण्याला विरोध करतात. निर्माण होणारा प्रवाह त्याला कारण ठरलेल्या बदलालाच विरोध करतो, हा लेन्झचा नियम मुलीला केव्हाचा पाठ होता. ऊर्जेच्या अक्षय्यतेशी त्याचे नाते तिला त्या नळीत डोकावतानाच उमगले. १०० वेढ्यांच्या कुंडलातील (तारेच्या गुंडाळीतील) फ्लक्स ०.१ सेकंदात ०.०२ वेबरने (वेबर हे फ्लक्सचे एकक) बदलल्यास २० व्होल्ट कसे येतात, हे मग तिनेच इतरांना समजावले.

उणीव एकच, पण ती गंभीर आहे. सर्वांचाच समज चुकीचा असेल, तर तो दुरुस्त करणारे तेथे कोणी नसते. मोटारीसाठी असलेला फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम जनित्राला, म्हणजे वीज निर्माण करणाऱ्या यंत्राला, लावण्याची चूक अर्धा तास तशीच चालली आणि अखेर एकीने पाठ्यपुस्तक उघडल्यावर थांबली. चालकांनी महिन्यातून एकदा तरी जाणकार शिक्षकांना बोलवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.