पेन ड्राइव्ह परत आला, घर मात्र कुलपात गेलं

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे. कास्टिंग आलं की मायक्रोमीटर लावल्याशिवाय आम्ही चलनावर सही करत नाही. आणि घरातलं १ लाख १८ हजारांचं काम मी डीबीचं, म्हणजे विजेच्या वितरण पेटीचं, झाकणसुद्धा न उघडता ताब्यात घेतलं! बायको अजून टोमणे मारते, आणि तिचं बरोबर आहे.

रुईकर कॉलनीतलं आमचं घर २०१९ मध्ये झालं, तेव्हाच त्यात केएनएक्सचं वायरिंग घातलं. ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: यात भिंतीवरचं बटण थेट दिव्याला जोडलेलं नसतं. बटण एका बारीक हिरव्या केबलवर निरोप पाठवतं आणि डीबीतला ॲक्च्युएटर तो ऐकून दिवा लावतो. केबलवर साधारण ३० व्होल्ट डीसी असतो, निरोपाचा वेग सेकंदाला ९६०० बिट. आजच्या हिशेबात बैलगाडीच, पण पाच वर्षांत एकदा अडली नाही. ज्यानं ते काम केलं तो नंतर दुबईला गेला. जाताना प्रोजेक्टची फाईल (कोणतं बटण कुठल्या दिव्याचं, ही सगळी नोंद) पेन ड्राइव्हवर देऊन म्हणाला, "काका, सातबाऱ्यासारखं जपा." हिनं तो देवघराच्या ड्रॉवरमध्ये ठेवला.

गेल्या वर्षी पोरानं हट्ट धरला, पुण्यात बसून मोबाईलवर घरातले दिवे दिसले पाहिजेत. त्यासाठी बस, म्हणजे ती हिरवी केबल, आणि घरचं नेटवर्क यांना जोडणारा आयपी इंटरफेस लागतो. ओळखीतून एक पोरगा आला. बोलायला गोड, पायातले बूट दारात काढणारा. हिनं चहा दिला, वर खोबऱ्याची वडी. त्यानं कोटेशनमध्ये तीन गोष्टी लिहिल्या: सिक्युअर आयपी राउटर, ६४० मिलिअँपिअरचा दुसरा पॉवर सप्लाय, आणि प्रोग्रॅमिंग. "काका, नवा डबा बसवला की लोड वाढतो, जुना सप्लाय झेपायचा नाही." अर्धे पैसे रोख मागितले, पक्कं बिल नंतर देतो म्हणाला. इथंच मी शहाणं व्हायला हवं होतं. दुकानात कुणी असं म्हटलं असतं तर गेटपर्यंत पोचवून आलो असतो.

मग त्यानं पेन ड्राइव्ह मागितला. तो लागतोच, त्यात चूक काही नाही. कॉपी आमच्याकडं नव्हती. चार दिवसांनी ड्राइव्ह परत आला, मोबाईलवर दिवे लागले, आमचा पोरगा खूश, मी उरलेले पैसे दिले. काम चालतंय म्हटल्यावर संशय कशाचा येणार?

सात-आठ महिन्यांनी जिन्यातल्या दिव्याची वेळ बदलायची होती. फोन केला तर म्हणाला, वर्षाचं मेंटेनन्स घ्या, ३५ हजार. एका दिव्यासाठी! मग पोराचा एक मित्र सांगलीहून लॅपटॉप घेऊन आला. त्यानं डीबी उघडला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "काका, हा दुसरा सप्लाय कशाला जोडलाय?" मी वाकून बघितलं. त्याला २३० व्होल्ट दिलेले, हिरवा दिवा ऐटीत चालू, पण बसच्या लाल-काळ्या टर्मिनलमध्ये एकही तार नाही. इतके महिने तो नुसता दिवा लावून बसला होता. मुळात गरजच नव्हती. आमच्या लाइनवर, म्हणजे त्या एका केबलवर, सगळी मिळून २२ उपकरणं. एकेकाला १२ मिलिअँपिअर धरले तरी २६४ होतात, जुन्या सप्लायला सहज झेपणारे. पाढे येणाऱ्या कुणालाही हा हिशेब जमला असता.

दुसरं, राउटर म्हणून पैसे घेतलेला डबा साधा इंटरफेस निघाला. राउटर लागतो तो वेगवेगळ्या लाइन नेटवर्कवरून एकमेकींना जोडायला. एका लाइनच्या घरात मोबाईलसाठी इंटरफेस पुरतो, म्हणून काम अडलं नाही आणि चोरीही दिसली नाही. सिक्युअर उपकरणाच्या लेबलवर त्याची स्वतःची की छापलेली असते, बहुतेक वेळा क्यूआर कोडसकट. आमच्या डब्यावर तसलं काहीच नव्हतं. वर पुण्यातून दिसावं म्हणून त्यानं घरच्या वायफाय राउटरवर ३६७१ हा पोर्ट, म्हणजे नेटवर्कमध्ये शिरायचं दार, बाहेरच्या जगाला सरळ उघडून ठेवला होता. त्या मित्रानं कपाळाला हात लावला आणि आधी तो बंद केला. बाहेरून यायचं तर व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरची सुरक्षित खाजगी वाट, असं त्याचं म्हणणं.

पण खरी मेख पेन ड्राइव्हमध्ये होती. परत आलेल्या फाईलला पासवर्ड. आणि ज्या ९ उपकरणांत त्यानं प्रोग्रॅम भरला, त्या सगळ्यांना त्याच्या मर्जीची बीसीयू की, म्हणजे उपकरणाचा पासवर्डच, घातलेली. ती की नसेल तर ईटीएसमधून, म्हणजे केएनएक्सच्या प्रोग्रॅमिंगच्या सॉफ्टवेअरमधून, त्या उपकरणांत काही बदलता येत नाही. दिवे लागतात, पण घर आपलं राहत नाही. आता कळतं, डब्याच्या किमतीत मारलेले पैसे किरकोळ होते. ३५ हजार दरवर्षी उकळायची सोय त्यानं त्या चार दिवसांत करून ठेवली होती.

दुबईवाल्याला मेसेज टाकला. त्या भल्या माणसाच्या जुन्या ई-मेलमध्ये मूळ फाईल सापडली, नाहीतर कोणतं बटण कुठल्या दिव्याचं आणि त्याची सेटिंग काय, हे सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं. १३ उपकरणं लगेच ताब्यात आली. कुलूप घातलेल्या नवांपैकी सात कंपनीशी पत्रव्यवहार करून सोडवायचं चाललंय, दोन बदलावी लागली.

तुम्ही हे काम करून घेणार असाल तर फाईलची कॉपी आधी स्वतःकडं ठेवा, मगच ड्राइव्ह हातात द्या. शेवटचा हप्ता द्यायच्या आधी बदललेली फाईल तिसऱ्या माणसाच्या लॅपटॉपवर उघडून घ्या. पासवर्ड आणि बीसीयू की असेल तर कागदावर, सहीसकट. डब्याचा मॉडेल नंबर कोटेशनशी ताडून बघा. पक्कं बिल नसेल तर तक्रारीत किती धाप लागते, ते मी सध्या अनुभवतोय. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडं जायचं तर ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, पण माझ्याकडं पुरावा म्हणून फक्त कोटेशन आणि अर्ध्या रकमेची यूपीआयची नोंद आहे.

तो दुसरा सप्लाय काढून दुकानातल्या फळीवर ठेवलाय. सात-आठ महिने चालू होता, पण वापरलेला एकदाही नाही. कुणाला खरंच गरज असेल तर सांगा, मीटर लावून दाखवूनच देईन.