कृपादान ओळखण्याचं दोन शनिवारांचं शिबिर: जावं का?

देवाने ख्रिस्ती माणसाला सेवेसाठी दिलेली देणगी म्हणजे कृपादान. आपल्याकडे कोणतं आहे हे शिबिरात प्रश्नावलीच्या गुणांवरून काढलं. निकाल आधी सांगतो. माझ्या कागदावर ‘शिकवणे’ १८ पैकी १६ आले. आमच्या हिच्या कागदावर ‘पाहुणचार’ १८ पैकी ४.

ही बाई गेली वीस वर्षं कापणीच्या सणाला दीडशे माणसांचा रस्सा उतरवते. कोणाचं पथ्य आहे, कोणाला तिखट चालत नाही (कोल्हापुरातही अशी माणसं असतात, थोडी) हे तिला तोंडपाठ असतं. आणि मी? हातात माइक आला की माझा घसा कोरडा पडतो. दोन्ही कागद शेजारी ठेवून ती म्हणाली, “अहो, आपले पेपर बदललेत का बघा की.”

शिबिर गेल्या पावसाळ्यात शहरातल्याच एका मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, हॉलमध्ये झालं. घेणारी संस्था बाहेरगावची. नाव लिहीत नाही. फी माणशी ३५० रुपये, त्यात वही, पुस्तिका, दोनदा चहा आणि जेवण. दोन शनिवार, सकाळी साडेनऊ ते साडेचार. पहिल्या शनिवारी पुलाव गार होता, दुसऱ्या शनिवारी गरम मिळाला, म्हणजे कुणीतरी बोललं असणार. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत क्वालिटीला आहे, दोन रजा खर्च करून गेलो होतो, तेव्हा जरा बारकाईनेच बघितलं.

पन्नास-साठ माणसं होती. निम्मी आमच्यासारखी जुन्या प्रेस्बिटेरियन घरांतली. अमेरिकन मिशनरी वायल्डर साहेब १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, तेव्हापासूनची आमची शिस्त: उपासनेचा क्रम ठरलेला, टाळी नाही, आमेनसुद्धा बेताचं. बाकीची निम्मी इचलकरंजी, गडहिंग्लजकडच्या नव्या मंडळ्यांतली. त्यांच्याकडे हात वर होतात, डोळ्यांतून पाणी येतं, प्रार्थना अर्धा तास चालते. ही दोन्ही माणसं एका सतरंजीवर बसवणं हेच मुळात धाडस.

शिकवणारे दोघं. त्यातल्या एक निवृत्त शिक्षिका, त्यांना सगळे बाईच म्हणत. बाईंनी फळ्यावर बायबलातल्या पौल आणि पेत्र या प्रेषितांच्या पत्रांतली चार ठिकाणं लिहिली: रोमकरांस १२, पहिले करिंथकरांस १२, इफिसकरांस ४, पहिले पेत्र ४. मग आम्हालाच त्यांतल्या कृपादानांच्या याद्या काढायला लावल्या. चारही वेगळ्या निघाल्या. करिंथकरांच्या यादीत निरोगी करणं, अद्भुत कार्ये, भाषा बोलणं (प्रार्थनेत न शिकलेल्या भाषेत बोलणं), भाषांचा अर्थ सांगणं. रोमकरांच्या यादीत सेवा, शिक्षण, बोध, दानधर्म, दया. इफिसकरांत तर दानं नाहीतच, माणसं आहेत: प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक, शिक्षक. पेत्राने सगळं दोनच खणांत बसवलं, बोलणारे आणि सेवा करणारे. “पौलानं फॉर्म भरायला दिला नव्हता,” बाई म्हणाल्या, “करिंथात भांडणं लागली होती, ती मिटवायला पत्र लिहिलं होतं.” हे एक वाक्य माझ्या मते शंभर रुपयांचं.

मूळ ग्रीक शब्द खारिस्मा, त्यात खारिस म्हणजे कृपा, म्हणून आपल्याकडे कृपादान. बोनससारखं कमावलेलं नव्हे, असं त्यांनी सांगितलं तेव्हा मागचे एमआयडीसीवाले हसले. आमच्याकडे बोनस भांडूनच घ्यावा लागतो. मग बाई करिंथकरांच्या बाराव्या अध्यायाच्या २८ व्या वचनाकडे वळल्या. तिथे व्यवस्था पाहण्यासाठी जो ग्रीक शब्द आहे तो जहाजाच्या सुकाणूवरून आलेला. आमचे खजिनदार काका बारा वर्षं पावतीपुस्तकं सांभाळतात. ते एकदम ताठ बसले. हे आत्म्याचं काम आहे असं त्यांना आजवर कुणी म्हटलं नव्हतं. पावतीपुस्तक सापडेना झालं की मात्र सगळे म्हणतात.

इथपर्यंत झकास. मग चहा झाला आणि प्रश्नावली आली.

एकशेवीस वाक्यं. प्रत्येकापुढे शून्य ते तीन गुण घालायचे. वीस दानं, प्रत्येकाला सहा वाक्यं, शेवटी उभ्या रांगांची बेरीज. अमेरिकेतल्या मंडळ्यांत १९७० च्या दशकात असल्या चाचण्या निघाल्या, त्यातलीच एक कुणीतरी मराठीत ओढून आणली होती, आणि ओढताना तिचे गुडघे सोलवटले होते. एक वाक्य असं: “इतरांना सेवेसाठी सुसज्ज करण्यात मला परिपूर्ती लाभते.” शेजारच्या आजींनी मला विचारलं, “पोरा, मला परिपूर्ती लाभते का?” मी म्हटलं, दोन घाला. आजींनी विश्वासाने घातले. त्यांच्या निकालात माझा हात आहे, हे इथे कबूल करतो.

आणि पाहुणचाराचं वाक्य: “अनोळखी व्यक्तींना मी आमच्या पाहुण्यांच्या खोलीत आनंदाने मुक्काम करू देतो.” आमच्या दोन खोल्या. पाहुणे आले की आमची खोली ती पाहुण्यांची, आणि आम्ही गॅलरीत. हिने प्रामाणिकपणे शून्य घातलं, कारण पाहुण्यांची खोलीच नाही. पुढचं वाक्य घरी मेजवान्या आयोजित करण्याबद्दल. तिथेही शून्य. ती मेजवानी आयोजित करत नाही हो, ती कांदा चिरते.

क्वालिटीत आम्ही पोरांना पहिल्या आठवड्यात एकच शिकवतो: माल रिजेक्ट करायच्या आधी गेज, म्हणजे मोजायचं साधन, तपास. गेजच झिजलेला असेल तर चांगलं कास्टिंग भंगारात जातं आणि ब्लो होलवालं, आत हवेची पोकळी राहिलेलं, पास होतं. ही चाचणी विचारते तुम्हाला काय करायला आवडतं. मला शिकवायला आवडतं, खोटं कशाला बोलू. ऐकणाऱ्यांना ते आवडतं का, हा प्रश्न एकशेवीसमध्ये कुठेच नव्हता.

दुपारचं सत्र दुसऱ्या वक्त्यांचं होतं, विषय निरोगी करण्याची कृपादाने. आवाज मोठा, घाम पुसायला खांद्यावर नॅपकिन. बोलता बोलता म्हणाले की ज्याचा विश्वास पक्का त्याला गोळ्यांचा डबा लागत नाही. हॉलमधल्या अर्ध्या लोकांच्या पिशवीत तो डबा होता. तेवढ्यात मिरजेत नर्सिंग शिकलेल्या एक ताई उठल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, “सर, पौलानं आपला सोबती त्रफिम याला मिलेतात आजारी असताना मागं ठेवलं. शिष्य तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून लिहिलं. पौलाचा विश्वास कमी होता का?” मग खाली बसता बसता, “आणि शुगरची गोळी कुणी परस्पर बंद करू नका, आधी तपासा.” १८९४ मध्ये मिरजेत मिशनरी वॉन्लेस डॉक्टरांनी दवाखाना उघडला, तेव्हापासून आमच्या लोकांनी निरोगी करण्याचं दान चाकू-टाक्यांसकट मानलं आहे, त्यामुळे टाळ्या ताईंना पडल्या. हो, टाळ्या. प्रेस्बिटेरियन असून. वक्ते पुढच्या मुद्द्यावर गेले. संस्थेने या गृहस्थांना हा विषय पुन्हा देऊ नये. एखाद्या म्हाताऱ्या माणसाने ते खरं मानलं असतं तर काय झालं असतं, या विचाराने मला रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या शनिवारी यायचं की नाही यावर घरी चर्चा झाली. पैसे भरलेत म्हणून आलो. बरं झालं आलो.

बाईंनी पुस्तिका बंद करायला लावल्या. “२०१९ चा ऑगस्ट आठवा,” म्हणाल्या. कोल्हापुरात एवढं म्हटलं की हॉल गप्प होतो. पंचगंगेचं पाणी शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत, चिखली-आंबेवाडी पाण्याखाली, शिरोलीजवळ हायवे बंद, पेट्रोल नाही, दूध नाही. आमच्या हॉलमध्ये तेव्हा चाळीसेक माणसं मुक्कामाला होती, त्यातली बहुतेक ख्रिस्ती नव्हती. बाई म्हणाल्या, “त्या आठवड्यात कुणी काय केलं ते सांगा. स्वतःचं सांगायचं नाही. दुसऱ्याचं सांगायचं.”

पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मग खजिनदार काकांनी सुरुवात केली. एक पोरगा, जो उपासनेला आत येतच नाही, बाहेर गाडीवर बसून मोबाईल बघतो, त्याने म्हणे हॉलमधल्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या गोळ्यांची नावं हातावर पेनाने लिहून घेतली आणि गुडघाभर पाण्यातून जाऊन उघडं मेडिकल शोधलं. हातावरची शाई पुसू नये म्हणून हात वर धरून चालला होता. मग एकाने मला परिपूर्तीबद्दल विचारणाऱ्या आजींचं सांगितलं. गणपतीच्या मूर्ती पाण्यात गेलेला एक कुंभार हॉलच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला होता. सण तीन आठवड्यांवर, वर्षाची कमाई चिखल झालेली. आजी लसणाचं ताट घेऊन त्याच्या शेजारी बसल्या. बोलल्या काहीच नाहीत. तासाभराने तोही लसूण सोलायला लागला. बाईंनी फळ्यावर फक्त लिहिलं: रोम १२:८, दया करणाऱ्याने संतोषाने. आजी म्हणाल्या, “अगं, लसूण लई होता, कुणीतरी सोलायलाच पाहिजे होता.”

हिचंही नाव आलं. दोघींनी एकदमच घेतलं. रात्री भाकऱ्या मोजायची, आधी मुक्कामाच्या माणसांना, मग मुलांना, उरलं तर आपल्याला, आणि उरायचंच असं नाही. ही पदर सारखा करत म्हणाली, “मी काय एकटीनं केलं व्हय?” आमच्याकडे मंडळी म्हणजे चर्चही आणि बायकोही. त्या दिवशी दोन्ही अर्थ एकाच बाकावर बसले होते. माझं एकाने सांगितलं: जनरेटरला डिझेल घालायला रात्री दोन वाजता हाच उठायचा. शिकवण्याचा विषय कुणी काढला नाही.

ही दीड तासाची बैठक बघायला कुणी ७०० रुपये मागितले तरी द्यावेत. कृपादान स्वतःला सापडत नाही, आजूबाजूच्यांना आधी दिसतं, हे मी कितीदा प्रवचनात ऐकलं होतं. हाताला शाई लागलेली पहिल्यांदा दिसली.

जेवणानंतर भाषांचा विषय निघाला आणि अपेक्षेप्रमाणे पेटला. आमच्या मंडळीच्या कारभारातले एक ‘वडील’ म्हणाले, ते सगळं प्रेषितांच्या काळापुरतं होतं. इचलकरंजीचे एक बंधू म्हणाले, मग माझ्या तोंडात काल रात्री काय होतं? बाईंनी दोघांनाही बसवलं. लोक लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरच्या १९०६ च्या पुनरुज्जीवनाचं, म्हणजे भक्तीच्या लाटेचं, नाव घेतात, पण त्याच्या आदल्या वर्षी आपल्याच केडगावात, पंडिता रमाबाईंच्या मुक्ति मिशनमध्ये मोठं पुनरुज्जीवन झालं होतं, हे त्यांनी सांगितलं. तिथल्या मुली तासन्‌तास मोठ्याने प्रार्थना करत, आणि भाषा बोलण्याच्या नोंदीही तिथून आल्या. रमाबाईंनी मात्र भाषा हीच पवित्र आत्म्याची एकमेव खूण असं मानलं नाही. मग करिंथकरांचा चौदावा अध्याय: दोघांनी, फार तर तिघांनी, पाळीपाळीने बोलावं, अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत गप्प राहावं. दोन्ही बाजूंना थोडं थोडं लागलं. वाद मिटला असं मी म्हणणार नाही, पण दोघं नंतर चहाला एकाच बाजूला उभे होते आणि साखरेच्या भावाबद्दल बोलत होते.

तक्रार वापराबद्दल. शिबिराच्या पत्रकावर ‘ओळखा आणि वापरा’ असं होतं. ओळखण्यात दीड दिवस गेला. वापरण्याला शेवटची वीस मिनिटं, त्यातली दहा पुढच्या टप्प्याच्या जाहिरातीत. पुढचा टप्पा २,५०० रुपये. त्याचे मेसेज अजून येतात. प्रत्येकाला दानाचं नाव घातलेलं सर्टिफिकेट मिळालं, लॅमिनेशन हवं असेल तर ३० रुपये वेगळे. पाळकांसाठी आणि कमिटीसाठी एकही सत्र नव्हतं. दयेचं दान असलेली बाई सर्टिफिकेट घेऊन रविवारी आली, तर तिला काम कोण देणार? आमच्या पाळकसाहेबांनी स्वतःहून एक केलं: त्या गाडीवाल्या पोराकडे घरी पडून असलेल्या म्हाताऱ्यांच्या औषधांची यादी दिली. आता तो वहीत लिहितो. उपासनेला अजून आत येत नाही.

जायचं असेल तर पहिल्या शनिवारी दुपारी घरी जाऊन जेवा आणि चाचणीचे गुण मनावर घेऊ नका. दुसऱ्या शनिवारची सकाळ चुकवू नका, आणि एकाच मंडळीतली पाच-सहा माणसं मिळून जा, कारण परक्या हॉलमध्ये तुमच्याबद्दल सांगणार कोण? पेन्सिल न्या, तिथली खोडरबरं कामाची नाहीत. माझ्याकडून पाचपैकी तीन. चौथा बाईंमुळे देणार होतो, तो नॅपकिनवाल्या वक्त्यांनी खाल्ला.

माझ्या सोळा गुणांचंही सांगतो, नाहीतर हिशेब अर्धा राहील. हौसेने एक रविवार संडेस्कूल घेतलं. विषय योना, बायबलातला, ज्याला मोठा मासा गिळतो तो. तयारी चार दिवस, माशाचं चित्र रंगवून नेलं. पाऊण तास बोललो. शेवटी विचारलं, काही प्रश्न? दुसरीतल्या एका मुलीने हात वर केला.

“काका, पुढच्या रविवारी आमच्या बाई येणार आहेत ना?”

येणार आहेत म्हणून सांगितलं. सर्टिफिकेट कपाटात आहे, लॅमिनेशन केलेलं नाही. जनरेटरची सर्व्हिसिंग मात्र जूनमध्येच करून घेतली.